पान्याचा पत्ता

गाडी आली तेव्हा तिच्या पोटावर
मार्केट यार्ड ते कुपवाड
सगळ्या स्पीडब्रेकरांच्या सह्या होत्या.
दोन दारांची, जुनी, जर्मन, कितव्या हाताची कोण जाणे,
आत बसायचं म्हणजे पंगतीला मांडी घालून बसल्यासारखं.
मालक हळदीच्या अडत्याचा सन्मती.
एअर फिल्टर झटकला
तर फरशीवर मूठभर हळद पडली.
सोहेल म्हणाला, लगीन ठरलंय हिचं.

मागच्या एक्सलचा बोल्ट बघितला आणि हात थांबला.
सहा कोनांचा नाही.
बारा टोकं, बारीक, खोल,
मांजराच्या पिल्लाच्या दातांसारखी.
ॲलन की घातली तर आतल्या आत गोल फिरली,
टोकांचा चुरा झाला.
एक बोल्ट मी बिघडवला. कबूल करतो.
बावीस वर्षं ट्रॅक्टर आणि टेम्पो उघडून
हाताला वाटायला लागलं होतं,
जगातला प्रत्येक बोल्ट आपल्याच गावचा.

गणपती पेठेत बिरनाळेअण्णांनी चष्मा वर केला.
"ह्याचं नाव तरी घेतलंय का कुणी आजवर?"
आणि दहा-अकराचा रिंग पाना पुढं सरकवला,
आलेलं गिऱ्हाईक रिकामं जाऊ नये म्हणून.
तो घेतला. तसले चार आहेत माझ्याकडे.
कोल्हापुरात उद्यमनगरात सांगितलं, पुण्याला बघा.
पुण्यातल्यानं फोनवर विचारलं,
गाडी कुठं आहे? कुपवाड? आणि हसला.
त्याच्याकडे पाना होता. विकायचा नव्हता.
मुंबईहून एक सेट आला, पेटीत मखमल,
पहिल्याच जोराला पाना पिळला जिलबीसारखा.
बोल्ट जागच्या जागी, बघत.
खरा मागवायचा तर सहा आठवडे,
पुढचं कस्टमला माहीत.

सन्मती रोज संध्याकाळी येऊन
उघड्या गाडीपाशी उभा राहायचा,
वॉर्डाबाहेर उभं राहतात तसा.

शेवटी भूपाल मगदूम.
किर्लोस्करवाडीचे टर्नर, रिटायर होऊन अकरा वर्षं,
घरामागच्या शेडात एक लेथ, एक मिलिंग,
दोन्ही त्यांच्याहून म्हातारी.
बोल्टच्या तोंडात ग्रीस लावून एमसील दाबलं होतं,
तो वाळलेला ठसा रुमालात बांधून नेला.
त्यांनी नखानं टोकं मोजली.
"बारा कुठलं? तीन चौकोन हायत,
एकावर एक ठेवून जरा जरा फिरवल्यात.
करणारा आळशी नव्हता."

ट्रकच्या मोडक्या हाफ-शाफ्टचा तुकडा,
दोन दिवस.
पहिला पाना त्यांनीच भंगारात फेकला,
मला त्यात खोट दिसली नव्हती.
दुसरा लाल करून तेलात बुडवला, घासून पांढरा केला,
मग मंद आचेवर धरला. "आता बोलू नगंस."
पोलादावर खालून एक रंग चढत आला.
"हळद दिसली की काढायचा.
निळा झाला की मऊ पडतोय,
आणि रंगच न्हाई चढला तर काचंगत फुटतोय."
टोकाला हळद लागली.
चर्र.

पैसे विचारले.
"लोखंड तुझंच हाय. च्या पाज."
मग जरा थांबून,
"चालू झाली की दारावरनं ने एकदा.
बसायचं न्हाई मला, गुडघं उठायचं न्हाईत.
आवाज ऐकतो."

अकरा बोल्ट निघाले.
बारावा, माझा, छिन्नीनं फोडला.
त्याला पाना कुठंच मिळत नाही.

गाडी दारावरून नेली.
ते नळाखाली हात धूत होते, वळलेही नाहीत.
रात्री फोन आला, तिसरा सिलिंडर बघ.

परवा साताऱ्याहून कुणी विचारत होतं,
तसलीच गाडी, तसलाच बोल्ट,
कुठं मिळतो हो तो पाना?
म्हटलं, लिहून घ्या.
भिलवडी स्टेशनच्या अलीकडं पत्र्याची शेड,
दारात शेवगा.
ठसा घेऊन जा, नाव विचारू नका पान्याचं.
आणि दोन ते चार जाऊ नका,
झोपलेले असतात.